अंदमानची सहल भरती-ओहोटी पाहून कशी आखावी

अंदमानला जाणाऱ्या माणसाला विचारा, काय बघायला चाललात? सेल्युलर जेलच्या पाठोपाठ उत्तर येतं, तिथलं पाणी. तेच खरं आकर्षण आहे. पण सहा-सात दिवसांच्या बहुतेक सहलींत त्या पाण्यात तोंड घालून काढलेला वेळ जेमतेम काही मिनिटांचा असतो. बोटीच्या तिकिटात धरलेलं स्नॉर्केलिंग (मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खाली पाहणं), रबरी ट्यूबला धरून एक चक्कर, आणि लगेच ‘चला, पुढची मंडळी थांबलीत’. याचं कारण साधं आहे. सहलीची आखणी विमानाच्या भाड्यावर, रजेवर आणि हॉटेलच्या उपलब्धतेवर होते, समुद्राच्या वेळापत्रकावर होत नाही. ते उलट केलं, तर त्याच पैशांत त्याच बेटांवर दुप्पट-तिप्पट पाहता येतं.

पाणी निळं का, आणि ते केव्हा निळं दिसतं

कोकण किनाऱ्यावर सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या आणि खाड्या गाळ आणतात. समुद्र दूरवर उथळ असल्याने लाटा तो गाळ सतत ढवळत राहतात. शिवाय त्या पाण्यात पोषक द्रव्यं भरपूर, म्हणून सूक्ष्म शेवाळ आणि प्लवकही भरपूर. आपल्याकडे मासळी मुबलक मिळते त्यामागे हेही एक कारण आहे. अंदमानच्या बेटांवर मोठ्या नद्या नाहीत, डोंगरउतारावरचं दाट जंगल माती धरून ठेवतं आणि किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर तळ खोल जातो. वाळूही दगडाची नाही. ती प्रवाळ आणि शंखशिंपल्यांचा चुरा, म्हणजे चुनखडीच, म्हणून पांढरी. त्यातला बराचसा चुरा पोपटमासा करतो. चोचीसारख्या दातांनी तो प्रवाळावरचं शेवाळ खरवडतो, त्याबरोबर खडकही खातो आणि वाळू बाहेर टाकतो. पाण्याखाली कान देऊन शांत राहिलात तर त्याच्या खरवडण्याचा कडकड आवाज स्पष्ट ऐकू येतो.

स्वच्छ पाणी प्रकाशातला लाल रंग आधी शोषतं, निळा शिल्लक राहतो. खाली पांढरी वाळू असेल तर तोच निळा फिरोजी होतो. म्हणून हा रंग सूर्य डोक्यावर असताना सर्वांत चांगला दिसतो. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: अंदमान मुंबईच्या बरंच पूर्वेला आहे, पण घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचंच. डिसेंबरात साडेपाचला उजाडतं आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. पाण्यासाठी उत्तम वेळ सकाळी आठ ते दुपारी एक. तीननंतर उन्हं तिरपी होतात आणि पाण्याखाली सगळं करडं दिसू लागतं. ‘आरामात नाश्ता करून अकराला निघू’ या सवयीने अर्धा दिवस तिथेच जातो.

महिना आणि तिथी

नैर्ऋत्य मोसमी पाऊस देशात सर्वांत आधी अंदमानला, मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास पोहोचतो. त्यानंतर सप्टेंबरपर्यंत समुद्र खवळलेला असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस आणि बंगालच्या उपसागरातली वादळं यांची शक्यता राहते. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी ही जोखीम धरूनच चालावं आणि एक दिवस मोकळा ठेवावा. जानेवारी ते मध्य एप्रिल हा काळ सर्वांत भरवशाचा. त्यातही फेब्रुवारी-मार्चमध्ये समुद्र सपाट असतो आणि पाण्याखाली लांबवर दिसतं. एप्रिल-मेमध्ये पाणी खूप तापतं.

आता तिथी. कोकणातल्या दर्यावर्दी घरांत भरतीचा एक हिशेब आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. अंदमानलाही आपल्यासारख्याच दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या असतात, फक्त तिथली भरती घड्याळात सुमारे अडीच तास आधी येते. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला सकाळी नऊ-साडेनऊला, प्रतिपदेला सव्वादहाला, तृतीयेला पावणेबाराला, चतुर्थीला साडेबाराच्या सुमारास. ओहोटी त्याच्या साधारण सहा तास आधी आणि सहा तास नंतर.

यातून तारखा निघतात. किनाऱ्यावरून स्नॉर्केलिंग करायचं असेल तर भरती आणि डोक्यावरचं ऊन एकत्र हवं, म्हणून बेटांवरचे मुख्य दिवस पौर्णिमेपासून संकष्टीपर्यंत किंवा अमावास्येपासून विनायकी चतुर्थीपर्यंत पकडा. सकाळी पाणी भरलेलं मिळतं. ओहोटी पहाटे किंवा संध्याकाळी येते, म्हणजे उघडे पडणारे खडक पाहायलाही सोयीची. याउलट अष्टमी-नवमीला सकाळी नऊ-दहाला ओहोटी असते. ऐन उजेडाच्या वेळी किनाऱ्याजवळ गुडघाभर पाणी, प्रवाळ पोटाला घासतंय आणि छोट्या बोटी आत येऊ शकत नाहीत, अशी अवस्था होते. नील बेटावरच्या भारतपूर किनाऱ्याला जाऊन ‘काही खास नाही’ म्हणणारे बरेचसे लोक याच वेळी गेलेले असतात.

स्कूबासाठी, म्हणजे हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरण्यासाठी, मात्र गणित थोडं वेगळं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाच्या दिवसांत प्रवाह जोरात असतो आणि तळ ढवळतो. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत पाणी जास्त निवांत असतं. दोन्ही करायचं असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्येला बेटावर पोहोचा, पहिले तीन-चार दिवस स्नॉर्केलिंग करा आणि स्कूबा त्यानंतर ठेवा.

हा हिशेब तारखा निवडण्यापुरता. प्रत्यक्ष जाताना भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं किंवा इन्कॉइस या हैदराबादच्या सरकारी संस्थेचा अंदाज पाहा. त्यात पोर्ट ब्लेअरच्या वेळा आणि पाण्याची उंची मिळते. इन्कॉइसच लाटांच्या उंचीचाही अंदाज देते, तो बोटीच्या आदल्या दिवशी पाहण्यासारखा.

दिवस कसे लावायचे

नावांचा गोंधळ आधी मिटवू. पोर्ट ब्लेअरचं अधिकृत नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम. हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉस बेटाचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, ही नावं डिसेंबर २०१८ पासून. बोलण्यात जुनी नावंच चालतात, तिकिटांवर मात्र नवी किंवा दोन्ही दिसतील.

सात रात्री असतील तर अशी मांडणी करा: पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, मग तीन हॅवलॉक, दोन नील, शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअर. शेवटची रात्र वाचवण्याचा मोह टाळा. समुद्र खराब झाला की बोटी रद्द होतात, आणि सकाळची बोट पकडून दुपारचं विमान गाठायचा बेत केला असेल तर तिकीट बुडतं. विमानाच्या आदल्या दिवशी पोर्ट ब्लेअरला असलंच पाहिजे.

नीलला दोन रात्री हव्यातच. बऱ्याच सहलींत नील हॅवलॉकहून परतताना चार तासांत उरकतात. तिथल्या दोन मुख्य गोष्टींना समुद्राची उलटी स्थिती लागते: भारतपूरच्या स्नॉर्केलिंगला भरती, लक्ष्मणपूर दोन या किनाऱ्यावरच्या नैसर्गिक खडकाच्या पुलाला ओहोटी. चार तासांत दोन्ही जमणं अवघड.

बोटी दोन प्रकारच्या. सरकारी बोट स्वस्त आणि हळू, हॅवलॉकला दोन-अडीच तास. खासगी वेगवान बोटींना साधारण दीड तास लागतो. त्या बंदिस्त, वातानुकूलित असतात आणि बहुतेकींत वर डेकवर जायला मिळत नाही. ज्यांना बोट लागते त्यांनी हे ध्यानात घ्यावं. सरकारी बोटीवर मोकळ्या हवेत उभं राहता येतं, बाहेर क्षितिज दिसतं आणि पोट शांत राहतं. बंद बोटीत बसणार असाल तर खालच्या मजल्यावर मधोमध जागा घ्या, मोबाइलमध्ये डोकं घालू नका, उपाशी निघू नका आणि तेलकटही खाऊ नका. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या तासभर आधी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही. डिसेंबर आणि मेमध्ये तिकिटं आधी काढा, मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. रोख रक्कम थोडी जास्त न्या. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून इंटरनेट बरंच सुधारलंय, पण छोट्या बेटांवर यूपीआय ऐन वेळी अडकतं.

सेल्युलर जेल घाईत उरकू नका. विमानातून उतरून दुपारी दमून जाण्यापेक्षा शेवटच्या दिवशी सकाळी उघडताच जा. सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या मूळ सात इमारती मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या फुटत होत्या. आज तीन उरल्या आहेत. कोठड्यांच्या ओळीसमोर उभं राहिलात की समोर पुढच्या इमारतीची पाठ येते. कैद्याला कैद्याचं तोंड दिसू नये म्हणूनच ती रचना होती. सावरकर १९११ ते १९२१ इथे होते; त्यांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर टोकाला आहे आणि गटानं आलेली मंडळी फोटो काढून पाच मिनिटांत खाली उतरतात. गर्दी ओसरेपर्यंत थांबा, मग आत उभं राहून उंचावरच्या झरोक्याकडे पाहा. खालच्या अंगणात कोलू, म्हणजे तेलाचा घाणा, ठेवलाय, तोही पाहा.

मास्क नीट बसला तर अर्धं काम झालं

भाड्याचा मास्क मिळतो, पण तो तुमच्या चेहऱ्याच्या मापाचा असेलच असं नाही. आणि स्नॉर्केलिंगला घाबरलेली बहुतेक माणसं समुद्राला घाबरलेली नसतात, नाकात शिरलेल्या पाण्याला घाबरलेली असतात. मास्क तपासायची रीत अशी: पट्टा डोक्यात न अडकवता मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क तसाच चिकटून राहिला तर तो तुमचा. निसटला तर दुसरा मागा, पट्टा आवळून उपयोग नाही. उलट जास्त आवळल्याने कडा वाकते आणि पाणी शिरतं. पट्टा कानांच्या वर, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर हवा. कपाळावरचे केस, ओढणी, टोपी यांतलं काहीही कडेखाली अडकू देऊ नका.

मिशीवाल्यांचा मास्क नाकाखालून गळतोच. मिशीच्या वरच्या बाजूची, नाकपुड्यांखालची बोटाच्या नखाएवढी पट्टी साफ केली तर कडेला त्वचा मिळते. ते नको असेल तर सिलिकॉनचं ग्रीस लावा. काच धुकट होत असेल तर लहान मुलांच्या शांपूचा एक थेंब आतून चोळून पाण्याने विसळा. चष्मा असलेल्यांनी नंबरचा मास्क आधी विचारून ठेवावा. लहान ऋण नंबर असेल तर अडत नाही, पाण्याखाली वस्तू मुळातच जवळ आणि मोठ्या दिसतात.

पोहता येत नसेल तरी चालतं; लाइफ जॅकेट घाला आणि ही तयारी कमरेएवढ्या पाण्यात करा.

१. मास्क लावून, नळी तोंडात धरून, उभ्यानेच वाकून चेहरा पाण्यात घाला. तोंडाने दहा-बारा सावकाश श्वास घ्या. नाकाने श्वास घ्यायची सवय मोडायला एवढा वेळ लागतोच.

२. नळीत मुद्दाम थोडं पाणी जाऊ द्या आणि ‘टू’ म्हणताना फुंकतो तशी एक जोरदार फुंकर मारा. पाणी वरून उडून जातं. हे दोनदा जमलं की भीती जाते.

३. मग आडवे व्हा. पाय सायकलसारखे मारू नका, मांडीपासून सरळ हलवा. हात पोटाशी.

४. प्रवाह असेल तर जाताना प्रवाहाविरुद्ध जा म्हणजे परतताना तो मदतीला येतो. उलटं केलं तर दमल्यावर झुंजावं लागतं.

एकट्याने कधीच नाही. बोटवाल्याशी आधी बोलून घ्या: तिकिटातल्या दहा-पंधरा मिनिटांऐवजी पाऊण तास, आणि ट्यूबला धरून ओढण्याऐवजी सोबत पोहणारा माणूस. त्यासाठी जास्त पैसे पडतात, पण सी वॉक, जेट स्की आणि बनाना राइडवर घालायचे पैसे इथे घातलेले बरे. हॅवलॉकच्या एलिफंट बीचला सकाळची पहिली बोट घ्या. दहानंतर तिथे गर्दीने वाळू ढवळलेली असते.

प्रवाळाबद्दल अपेक्षा खरी ठेवा. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये पाणी तापून इथलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं. प्रवाळाचा रंग त्याच्या आत राहणाऱ्या सूक्ष्म शेवाळाचा असतो. पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून अंशभर जरी जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं तर ते शेवाळ बाहेर पडतं. मग प्रवाळ उपाशी राहतं आणि बरंचसं मरतं. म्हणून उथळ भागात करड्या फांद्यांचा चुरा बराच दिसेल. पण मासे भरपूर आहेत, आणि बोटींच्या नांगरापासून थोडं दूर गेलात की जिवंत प्रवाळही. खडकात रुतलेला मोठा शिंपला शोधा: दोन नागमोडी कडांमध्ये निळी-जांभळी ठिपकेदार मांसल पट्टी दिसते. वरून तुमची सावली पडली की ती आकसते आणि शिंपला मिटतो. सावली बाजूला घेऊन स्तब्ध राहा, थोड्या वेळात पुन्हा उघडतो.

नीलची ओहोटी

लक्ष्मणपूर दोनला ओहोटीच्या नीचतम वेळेच्या तास-दीड तास आधी पोहोचा, म्हणजे पाणी उतरत असताना पुढे जाता येतं आणि वळायच्या आत परतता येतं. वाट मेलेल्या प्रवाळाच्या खडबडीत, शेवाळलेल्या खडकांची आहे. चपला, फ्लोटर नकोत. पकड असलेले बूट घाला. पुलापाशी फोटो काढून परत फिरणारे लोक ज्या डबक्यांवरून उड्या मारत जातात, खरी गंमत त्यांतच असते: समुद्रकाकड्या, साप वाटावेत असे लांब हात हलवणारे तारामासे, खेकडे, आणि नशीब असेल तर रंग बदलणारा छोटा ऑक्टोपस. स्थानिक वाटाड्या घ्या. त्याला ते दिसतात, आपल्याला दगड दिसतात. दगड उलटवायचा नाही आणि कुठल्याही भोकात बोट घालायचं नाही. लांब काळ्या काट्यांच्या समुद्री साळूवर पाय पडला तर काटे मोडून आत राहतात. दिसणारे काढा, सोसवेल एवढ्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि डॉक्टरांकडे जा.

स्कूबा

पहिल्या ‘ट्राय डाइव्ह’साठी पोहता येणं लागत नाही, वय किमान १० वर्षं लागतं, आणि खोली १२ मीटरच्या आत राहते. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं ऑपरेशन असेल तर फॉर्मवर ‘नाही’ लिहून निभावून नेऊ नका. सर्दी असेल तरीही नको. दहा मीटरवर दाब जमिनीच्या दुप्पट होतो, तो कानात बरोबरीला आणावा लागतो. सर्दीने कानाची आतली नळी बंद असेल तर कानाचा पडदा फाटू शकतो. सर्दीची गोळी घेऊन उतरणं आणखी वाईट, कारण खाली असताना तिचा असर ओसरला तर वर येताना हवा अडकते.

कान दुखायच्या आधीच, पहिल्या मीटरपासून, नाक चिमटीत धरून हलकी फुंकर मारत राहा. दुखलं तर जोर लावू नका. खुणेने सांगा, थोडं वर या, पुन्हा करा. आणि श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटरवर भरून घेतलेली हवा वर येताना फुगून दुप्पट होते. एका माणसामागे एक प्रशिक्षक असेल तिथेच जा, आणि आधी उथळ पाण्यात सराव घेतात का ते पैसे देण्यापूर्वी विचारा. मालवणला सिंधुदुर्गाजवळ स्कूबा केलेल्यांना ही तंत्रं ठाऊक असतील. इथे फरक पडतो तो किती लांबचं दिसतं त्यात.

काही धोके आणि नियम

अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्याशेजारच्या नील्स कोव्हमध्ये मगरीच्या हल्ल्यात एका अमेरिकन पर्यटकाचा मृत्यू झाला. सूचनेचा फलक किंवा जाळं असेल त्याच्या पलीकडे जायचं नाही, खारफुटीच्या खाडीच्या तोंडाशी उतरायचं नाही, आणि अंधारात पाण्यात जायचं नाही. राधानगरचा सूर्यास्त वाळूवरून पाहा. डिसेंबरात त्यासाठी चारलाच तिथे असावं लागतं.

वाळूतल्या बारीक माश्या चावल्या की दोन दिवसांनी खाज सुटते आणि आठवडाभर टिकते. पायांना खोबरेल तेलाचा जाड थर लावा, ओल्या वाळूवर आडवे होऊ नका. उन्हासाठी मलमापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट बरा. पाठ हमखास भाजते, कारण स्नॉर्केल करताना तीच वर असते. मलम लावायचंच तर ऑक्सिबेन्झोन हे रसायन नसलेलं. हे रसायन प्रवाळाला अपायकारक ठरल्याने हवाई आणि पलाऊने त्यावर बंदी घातली आहे.

बाराटांग बेटावरच्या गुहांसाठी जाणारा रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जातो. तिथे थांबणं, फोटो काढणं, खाऊ देणं हा गुन्हा आहे. आमचं मत स्पष्ट आहे: माणसांना काचेतून न्याहाळायला म्हणून कुणी त्या रस्त्याने जाऊ नये. तेवढा दिवस वंडूरच्या सागरी राष्ट्रीय उद्यानातल्या जॉली बॉय बेटाला द्या. त्यासाठी वनविभागाचा परवाना आधी काढावा लागतो आणि प्लास्टिकच्या बाटल्या नेता येत नाहीत, म्हणून घरूनच स्टीलची बाटली घ्या. पावसाळ्यात ते बंद असतं, तेव्हा रेडस्किन बेटावर नेतात.

परतीच्या बॅगेत किनाऱ्यावरचा प्रवाळाचा तुकडा किंवा शंख नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रवाळ आणि अनेक जातींचे शंख संरक्षित आहेत; मेलेला, वाहून आलेला तुकडाही चालत नाही आणि विमानतळाच्या तपासणीत तो दिसतो. दुकानातून शंखाची वस्तू घेतली तर पावती जपून ठेवा. मुलांच्या खिशांत काय आहे ते हॉटेलातच पाहून घ्या.

शेवटचा स्कूबा आणि विमान यांत पुरेसं अंतर ठेवा: एकच डाइव्ह असेल तर निदान १२ तास, जास्त असतील तर १८. पूर्ण दिवस ठेवला की मोजायलाच नको. स्नॉर्केलिंगला ही अट नाही, त्यामुळे भरती सकाळची असेल तर नीलहून निघायच्या दिवशीही भारतपूरला तासभर मिळतो. जेट्टी तिथून चालत जाण्याइतकी जवळ आहे.